लव्हाळ्याला उपाशी ठेव

मंजू, ती तणनाशकाची बाटली उघडू नकोस. घेतलीस ते घेतलीस. आता मुलांचा हात पोचणार नाही अशा उंच जागी ती ठेव आणि आधी माझं ऐकून घे. फोनवर तुझा आवाज ऐकला आणि मला राहवेना. दर रविवारी तू वाफे खुरपतेस, कंबर धरते, आणि पुढच्या रविवारी बघावं तर तण तितकंच, उलट जास्तच. त्यातून तो मोगरा आईच्या परसातला. त्याच्या बुडाशी रान माजलेलं बघून तुझा जीव कासावीस होणारच. पण त्या मोगऱ्यासाठीच सांगते, बाटली नको.

‘तण तेवढं मरेल, झाडाला काही होत नाही,’ असं दुकानदार म्हणाला ना? बाटलीवर काय लिहिलंय ते वाच. ग्लायफोसेट असेल तर त्याला हरळी कुठली आणि मोगरा कुठला हे कळत नाही. ज्या हिरव्या भागावर पडेल तिथून ते आत शिरतं आणि रसाबरोबर मुळापर्यंत उतरतं. म्हणून तर ते हरळी मारतं. आणि म्हणूनच मोगऱ्याच्या बुडातून फुटलेल्या कोवळ्या धुमाऱ्यावर त्याचे शिंतोडे उडाले तर झाडाला भोवतं. शिवाय २०२२ साली केंद्र सरकारने आदेश काढून ग्लायफोसेटचा वापर फक्त कीडनियंत्रणाचा परवाना असलेल्यांमार्फतच करायचा, असं बंधन घातलं. तेव्हा घरच्या बागेत आपण पंप उचलून मारायचं हे औषध नव्हेच.

२,४-डी असेल तर आणखी जपायला हवं. ते रुंद पानांच्या झाडांवर चालतं, आणि तुझ्या वाफ्यातलं गुलाब, शेवंती, वांगी, टोमॅटो सगळं रुंद पानांचंच आहे. शेजारच्या रानात कुणी ते मारलं आणि वारा फिरला, तर द्राक्षवेलीची पानं कशी आकसतात हे आमच्या तासगावच्या बागायतदारांना विचार, नाहीतर तुमच्या नाशिकच्या. टोमॅटोही तितकाच नाजूक. त्याचे शेंडे पिळवटून जातात. आणि पंपाचं तर कुणी सांगतच नाही. तणनाशक भरलेला पंप पाण्याने नुसता विसळून पुढच्या आठवड्यात त्यातूनच गुलाबावर निंबोळी अर्क मारला, तर आत राहिलेला अंश गुलाबाला पुरतो.

फक्त गवतच मारणारी औषधंही मिळतात. सोयाबीनमध्ये क्विझालोफॉप मारतात ते त्यातलंच. पण तुझ्याकडचं निम्मं तण ज्याला तू गवत म्हणतेस ते गवत नाही. तो लव्हाळा आहे. त्याच्यावर त्या औषधाचा काही परिणाम होत नाही. तुऱ्याचा दांडा चिमटीत धरून फिरवून बघ. गवताचा दांडा गोल किंवा चपटा लागतो आणि मध्ये पेरं असतात. लव्हाळ्याच्या दांड्याला तीन धारा असतात, पेर नसतं. तू पाठवलेल्या फोटोंत मोगऱ्याच्या आणि वांग्यांच्या वाफ्यात लव्हाळा आहे, कुंपणाकडून आत सरकलेली हरळी आहे, बाकीचं किरकोळ. १९७७ साली लीरॉय होम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातल्या सगळ्यात त्रासदायक तणांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात पहिला क्रमांक लव्हाळ्याचा आणि दुसरा हरळीचा. हे एवढ्यासाठी सांगते की तू स्वतःला बोल लावून घेऊ नयेस. कितीतरी देशांतले शेतकरी ज्यांच्याशी झगडतात ती दोन्ही तणं तुझ्या एवढ्याशा अंगणात आहेत.

आता लव्हाळ्याचं नीट सांगते, कारण खरी गोम इथे आहे.

जमिनीखाली लव्हाळ्याच्या गाठी असतात, काळपट, शेंगदाण्याएवढ्या, चिरल्या तर आतून पांढऱ्या आणि सुवासिक. आयुर्वेदात ज्याला मुस्ता म्हणतात ते हेच. रानडुकरं या गाठींसाठी चिखल उकरतात. कालिदासाने शाकुंतलात डुकरांच्या या मुस्ता उकरण्याचा उल्लेख केलाय, इतकी ही जुनी गोष्ट. या गाठी सुट्या नसतात. बारीक, चिवट धाग्यांनी त्या एकमेकींना जोडलेल्या असतात, माळेच्या माळा. बहुतेक वरच्या वीतभर मातीत, काही त्याहून खाली. माळेच्या टोकाची गाठ फुटून वर आली की ती मागच्या गाठींना दाबून धरते, त्या निजून राहतात. तू दर रविवारी कुदळीने खोल खणतेस तेव्हा नेमकी ती माळ तोडतेस. दाब गेला की निजलेली एकेक गाठ स्वतंत्र फुटते. जिथे एक कोंब होता तिथे पाच-सहा येतात. तुझे कष्ट कमी पडत नव्हते, ते लव्हाळ्याच्याच कामी येत होते.

मग करायचं काय? गाठ म्हणजे लव्हाळ्याची बँकेतली ठेव समज. एक कोंब वर काढायला त्यातून थोडं खर्च होतं. कोंबाला पानं आली, ऊन मिळालं, की ती पानं अन्न बनवून खर्च झालेलं परत भरतात आणि काही आठवड्यांत शेजारी नव्या गाठी धरायला लागतात. तुला एवढंच करायचंय की भरणा होऊ द्यायचा नाही. पाच-सहा पानं दिसली की काढ. पुन्हा येईल, पुन्हा काढ. पावसाळ्यात आठ-दहा दिवसांपेक्षा जास्त अंतर पडू देऊ नकोस. गाठीवर अनेक डोळे असतात, त्यामुळे एकदोनदा काढून ती मरत नाही. पण दर खेपेला येणारा कोंब आधीपेक्षा बारीक येतोय, फिकट येतोय हे तुला दिसायला लागेल. तो बारीक होत चालला की समज, खालचं संपत आलंय. याला एक पावसाळा पुरणार नाही, मी खोटं सांगत नाही. दुसऱ्या पावसाळ्यात मात्र फरक डोळ्यांना दिसेल, आणि तोवर वांगी-मोगरा जागच्या जागी सुखरूप राहतील. त्यातल्या त्यात दिलासा एवढाच की लव्हाळ्याचं बी फारसं रुजत नाही. सगळी मदार गाठींवरच.

मोगऱ्याजवळ काम करायची रीत वेगळी. त्याच्या फांद्या जिथवर पसरल्यात तिथवर कुदळ, टिकाव, फावडं काही लावायचं नाही. त्याची अन्न घेणारी बारीक मुळं तिथेच, वरच्या थरात असतात. एकदा खणलं की ती तुटतात, झाड मलूल होतं आणि मोकळ्या झालेल्या मातीत लव्हाळाच आधी उठतो. तिथे फक्त हात आणि कात्री. माती वाफशावर असताना, म्हणजे मुठीत दाबली तर गोळा होतो पण हाताला चिकटत नाही अशी असताना, कोंब अगदी बुडाशी धरून सावकाश सरळ वर ओढ. तुमची माती काळी. ओली असेल तर ढेकूळच्या ढेकूळ मुळांसकट उचलून येतं आणि वाळली की कोंब वरच्यावर तुटतो. वाफसा साधत नसेल त्या दिवशी ओढू नकोस, कात्रीने मातीलगत काप. कापलं तरी पान गेलंच, उपास घडलाच.

झाडं नाहीत त्या मोकळ्या पट्ट्यात मात्र खणायला हरकत नाही. पण पावसाळ्यात नव्हे, मार्च-एप्रिलमध्ये. गार्डन फोर्क असेल तर उत्तम, नाहीतर पहारीने माती उकलून घे. फावड्याने गाठी चिरतात, फोर्कने सबंध माळ हलकेच वर येते. सापडतील तेवढ्या वेच, उरलेली ढेकळं तशीच उन्हात पडू दे आणि पाणी देऊ नकोस. नाशिकचं एप्रिल-मेचं ऊन गाठी सुकवतं. ज्या पुऱ्या सुकतात त्या पुन्हा फुटत नाहीत. मग जूनमध्ये त्या पट्ट्यात दाट ताग पेर. लव्हाळ्याला सावली सोसत नाही, आणि ताग बघता बघता डोक्याएवढा होतो. फुलावर आला की कापून तिथेच पसर, मातीला खत होईल. ताग नको वाटला तर रताळ्याचा वेल सोड, तोही जमीन झाकतो.

एक गोष्ट मात्र करू नकोस. काळं प्लास्टिक अंथरलं की प्रश्न मिटला, असं तुला कुणीतरी सांगेल. लव्हाळ्याच्या कोंबाचं टोक सुईसारखं असतं, पातळ प्लास्टिकला भोक पाडून ते वर येतं. इतर तणांना प्लास्टिक रोखतं, याला नाही.

हरळीकडे वळू. ती म्हणजे आपल्या गणपतीच्या दूर्वाच, त्यामुळे तिला तण म्हणताना तुझी जीभ अडखळते हे मला ठाऊक आहे. एका रुंद कुंडीत तिला मानाने लाव, गणेशोत्सवात खुडायला ताज्या दूर्वा घरच्या घरी मिळतील; पण कुंडीचं भोक जमिनीला टेकू देऊ नकोस. वाफ्यातली मात्र काढायची. ही दोन वाटांनी पसरते, वरून धावत्या फांद्यांनी आणि खालून पांढऱ्या टणक कांड्यांनी, आणि प्रत्येक पेराला फुटायची ताकद. म्हणून खुरप्याने तुकडे करायचे नाहीत. फांदीचं टोक शोध आणि पेरापेराने मागे मागे जात मूळ गड्ड्यापाशी पोच. तिथली माती हाताने सैल करून कांडं सबंध उचल. काढलेली हरळी वाफ्याच्या कडेला टाकू नकोस आणि कंपोस्टमध्येही नको. फरशीवर किंवा पत्र्यावर टाकून कडकडीत वाळव, मग हवं तिथे टाक.

तुझी हरळी जन्मली बाहेर आणि आत येते कुंपणाखालून. येण्याची वाट बंद केली नाहीस तर आतलं काढून काय उपयोग? कुंपणालगत वीत-दीड वीत खोल चर खण आणि त्यात शहाबादी फरशीचे तुकडे उभे, एकमेकांना चिकटून बसव. वरची कड मातीच्या दोन बोटं वर राहू दे. वरून येणारी फांदी तिथे लगेच दिसते आणि कापता येते. फरशीचे तुकडे दगडवाल्याकडे पडलेले असतात, स्वस्तात मिळतील. बागेवर थोडा खर्च करायचाच असेल तर आधी इथे कर.

शेवंतीत शिरलेली हरळी वरून काढत बसू नकोस, तिथे वेगळी सोय आहे. शेवंतीच्या काश्या आपण दरवर्षी वेगळ्या करून नव्याने लावतोच. बहर संपला की सगळे गड्डे उचल, मुळं बादलीतल्या पाण्यात धुऊन घे, त्यात गुंतलेला हरळीचा प्रत्येक पांढरा धागा ओढून काढ आणि स्वच्छ काश्या नव्या जागी लाव. निशिगंधाचे कंद काढतेस तेव्हाही असंच. गुलाब मात्र उपटून धुवायच्या भानगडीत पडू नकोस, जुनी झाडं ते सोसत नाहीत. त्याच्या बुडाशी हरळी मातीलगत कापत राहा आणि आळ्यात जाड आच्छादन टाक.

बियांवर जगणारी तणं सोपी. फुलायच्या आत काढली की झालं. त्यातल्या गाजर गवताला तेवढं उघड्या हाताने शिवू नकोस. ते १९५५ च्या सुमारास पुण्यात नजरेत भरलं आणि तिथून देशभर गेलं. त्याने कातडीला खाज सुटते, पुरळ उठतं, पराग नाकात गेले की शिंका आणि दम. तुझ्या धाकट्याला आधीच दम्याचा त्रास, त्याला त्या दिवशी बागेत येऊ देऊ नकोस. हातमोजे घालून, पांढरी फुलं यायच्या आधी, पावसानंतर मुळासकट उपट. केन्याला जमिनीखालीही फुलं येतात आणि तिथेच बी धरतं, म्हणून तो लहानपणीच सबंध निघायला हवा. अंबुशीच्या शेंगा हात लागताच तडकून बी उडवतात, तेव्हा शेंगा दिसायच्या आत तिचा बंदोबस्त कर.

आता आच्छादनाचं. वाळलेला पाला, भाताचा पेंढा, रसवंतीवाल्याकडची चिपाडं, जे मिळेल ते तीन-चार बोटं जाड पसर. चिपाडं आधी उन्हात वाळव, नाहीतर गोडाला मुंग्या लागतात. खाली ओल्या वर्तमानपत्राच्या आठ-दहा घड्या अंथरल्यास तर बारीक तणांचं बी उजेडाविना तसंच राहतं. लव्हाळा यातूनही येईल, पण भुसभुशीत मातीतून तो अलगद निघतो, हा फायदा मोठा. आच्छादन झाडाच्या खोडाला टेकू देऊ नकोस, चार बोटं जागा सोड. ओलीने साल कुजते. उन्हाळ्यात वाळवी दिसली किंवा पावसाळ्यात शंखी गोगलगाई खाली दडल्या, तर तेवढा भाग काही दिवस उघडा कर.

नवीन वाफा करताना एक सवय लावून घे. माती तयार झाली की लगेच रोपं लावू नकोस. पाणी दे आणि दोन आठवडे थांब. वरच्या थरातलं तणाचं बी उगवून येईल. ते कोवळं असताना खुरप्याने वरवर खरवड, खोल नाही, कारण खणलंस की खालचं बी उजेडात येतं. मग रोपं लाव. घाई नसेल आणि वाफा उन्हाळ्यात रिकामा असेल तर ओल्या मातीवर पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीने बुजव आणि चार ते सहा आठवडे ठेव. आतल्या वाफेने बरंचसं बी मरतं. लव्हाळ्याच्या गाठींचा भरवसा त्यावर ठेवू नकोस, बाकीच्या तणांसाठी मात्र कर.

शेणखत घेतेस ते हात घालून बघ. कोमट असेल, काड्या ओळखू येत असतील, शेणाचा वास येत असेल तर ते कच्चं आहे. गुरांनी खाल्लेल्या गवताचं बी त्यात जिवंत असतं. नर्सरीतून रोप आणलं की पिशवीच्या तोंडाशी लव्हाळ्याचा कोंब आहे का ते आधी बघ. असला तर रोप परत कर, कितीही आवडलं तरी. एक गाठ आत आली की वर्षभराचं काम वाढतं.

मिठाचं पाणी, व्हिनेगर, उकळतं पाणी, रॉकेल यांबद्दल तू विचारलंस. वाफ्यात यातलं काही नको. काळ्या मातीत मीठ गेलं की ती चोपण होते, पाणी मुरत नाही, आणि ती सुधारायला वर्षं जातात. व्हिनेगरने वरची पानं जळतात, गाठीला काही होत नाही. रॉकेल मातीचा नाश करतं. उकळतं पाणी अंगणातल्या फरशांच्या सांध्यात, जिथे जवळ कुठलं झाड नाही तिथे ओतायला हरकत नाही. मुलं घरात असताना ओत.

आणि मंजू, स्वतःची आबाळ करू नकोस. रविवारी चार तास वाकून कंबर मोडण्यापेक्षा रोज सकाळी चहाआधी पंधरा-वीस मिनिटं एकच वाफा घे. गुडघ्याखाली गोणपाटाची घडी घाल, नाहीतर बुटका पाट घेऊन बस. सोमवारी मोगरा, मंगळवारी वांगी, असं ठरव, म्हणजे प्रत्येक वाफ्याची पाळी आठवड्याने येते आणि लव्हाळ्याला पान वाढवायची उसंत मिळत नाही. शेजारच्या शेतावर निंदणीला येणाऱ्या मावशींना एक दिवस बोलाव, रोजगार दे आणि त्यांच्याबरोबर तूही बस. तणं कोणती, कुठून आणि कशी धरायची, हे त्या हाताने दाखवतील ते मला इथून लिहून सांगता येणार नाही. फक्त बागेत कामाला येणाऱ्या माळ्याला एकट्याला सोडून जाऊ नकोस. कुदळ मारून मोकळा वाफा करून देणं त्याला सोपं वाटतं, आणि नको म्हटलं तर त्याला वाईट वाटेल म्हणून तू गप्प बसतेस. गप्प बसू नकोस. ‘दादा, झाडाजवळ खणू नका, हातानेच काढा,’ एवढं गोड शब्दांत सांगितलं की ऐकतील.

सगळंच उपटायचा अट्टहासही नको. कुंपणाबाहेरच्या कोपऱ्यात एकदांडी आहे, तिच्या फुलांवर फुलपाखरं येतात, ती राहू दे. वांग्यांमधली घोळ आणि कोवळा केना वेगळा काढून ठेव. घोळीची डाळ घालून भाजी होते, केन्याच्या पानांची भजी. वाफ्यात कधी कुठलं औषध मारलेलं नाही म्हणूनच हे सांगते. घोळ काढलीस की मातीवर टाकू नकोस, तिचा तुकडाही ओलीत मुळं धरतो. आणि पातेल्यात घालायच्या आधी प्रत्येक काडी मोडून बघ. पांढरा चीक आला तर ती दुधी, तिची भाजी करायची नाही. घोळीला चीक नसतो, पान जाड आणि गुळगुळीत लागतं. नक्की कळत नसेल तर मोडलेल्या काडीचा फोटो पाठव, मी बघून सांगते, मगच चुलीवर ठेव.